नऊ नंबरचा फोटो

३ मार्च, सोमवार

ग्रंथपाल मॅडमनी आज डबा ताब्यात दिला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात युद्धाच्या काळातले एकतीस फोटो. आपल्याच शहरातल्या एका घड्याळजीने काढलेले. त्याच्या नातीला माळा आवरताना सापडले, तिने वाचनालयाला देऊन टाकले. त्यातले बारा निवडलेत. मी त्याच जागी उभं राहून आजचा फोटो काढायचा आणि जुना-नवा एकमेकांत मिसळायचा. म्हणजे रस्ता एका टोकाला तेव्हाचा आणि चालत चालत दुसऱ्या टोकाला आत्ताचा. पाच एप्रिलला प्रदर्शन.

"सोपंच आहे ना? आता कॉम्प्युटरवर सगळं होतं," मॅडम म्हणाल्या.

मी हसले. पासपोर्ट फोटो काढणाऱ्या बाईबद्दल लोकांचं हेच मत असतं, बटण दाबलं की झालं. कॉम्प्युटर काही माझ्याऐवजी भर रस्त्यात जाऊन उभा राहत नाही.

पण खरं लिहायचं तर आनंद झालाय. वीस वर्षं लोकांना "हनुवटी जरा खाली" सांगतेय. माझं नाव खाली छापलं जाईल असं हे पहिलंच काम.

स्टुडिओत जागा नाही म्हणून बाराही फोटो मोठे करून घरी जेवायच्या टेबलावर मांडलेत. "मग जेवायचं कुठे?" हा सासूबाईंचा पहिला प्रश्न. युद्ध, इतिहास वगैरे नाही. जेवायचं कुठे.

६ मार्च, गुरुवार

तीन नंबरने जीव खाल्ला. घड्याळजी जिथे उभा होता ती जागा आता चौकातलं वर्तुळ आहे, मध्ये कारंजं. एक पाऊल डावीकडे सरकलं तरी मागच्या इमारतीचा कोपरा जुन्या फोटोशी जुळत नाही. म्हणून कारंज्याच्या कठड्यावर चढले.

वाहतूक पोलीस आला. "बाई, उतरा."

"दोनच मिनिटं. ऐतिहासिक काम आहे."

"ऐतिहासिक असो नाहीतर भौगोलिक, खाली उतरा."

उतरले. तो वळला की पुन्हा चढले. चार वेळा असं झालं. शेवटी तोच कठड्यापाशी येऊन जुना फोटो बघायला लागला आणि म्हणाला, "मॅडम, तुमचा खांब चुकतोय, अजून उजवीकडे." त्याचं बरोबर होतं, याचाच जास्त राग आला.

८ मार्च, शनिवार

नऊ नंबर कुठला आहे तेच कळत नाही. अरुंद गल्ली, दुमजली घर, दारातून माणसं सामान घेऊन बाहेर पडतायत. एकाकडे खुर्ची, एकाच्या खांद्यावर गाद्यांची वळकटी, एका बाईच्या हातात कपाटाचा खण. सगळ्यांच्या पुढे सात-आठ वर्षांची मुलगी, जवळजवळ स्वतःएवढा आरसा पोटाशी धरून. आणि हसतेय! बारा फोटोंमध्ये हसणारा एवढा एकच चेहरा. माझा सगळ्यांत लाडका फोटो हाच. मागे पेन्सिलीने फक्त "दुपार" लिहिलंय. मॅडमच्या यादीत: "बॉम्बहल्ल्यानंतर सामान वाचवताना नागरिक".

सासूबाईंना दाखवला. त्या याच शहरात वाढल्या, युद्धात आठ वर्षांच्या होत्या, आज त्र्याऐंशी. त्यांनी फोटो चष्मा लावून बघितला, चष्मा काढून बघितला.

"गिरणीच्या मागची गल्ली आहे ही. कधीच पाडली ती," म्हणाल्या आणि अर्धा चहा तसाच ठेवून आत गेल्या. साखर कमी पडली असणार. रोज काहीतरी असतंच.

११ मार्च, मंगळवार

गिरणीच्या मागे तीन तास घालवले. तिथल्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याचं म्हणणं, इथे गल्ली कधीच नव्हती, तळं होतं. त्याचे वडील त्यात पोहायचे.

घरी येऊन सांगितलं तर सासूबाई म्हणतात, "मग स्टेशनच्या पलीकडे असेल."

१४ मार्च, शुक्रवार

स्टेशनच्या पलीकडेही नाही. पाय सुजले. रात्री नवऱ्यावर निघालं सगळं.

"आईंना आठवत नसेल तर आठवत नाही म्हणावं. मला गावभर कशाला फिरवतायत?"

"तू तिला तो फोटो विचारू नकोस," तो म्हणाला. "आम्ही लहानपणी युद्धाचं विचारलं की ती उठून जायची."

"छान. म्हणजे सगळं शहर मीच तुडवायचं."

"असू दे गं." हे त्याचं सगळ्यावरचं औषध. पाणीपुरवठा खात्यात आहे, नळ फुटला तरी लोकांना असंच सांगत असेल.

आणखी एक. सासूबाई हल्ली ताट घेऊन खोलीत जेवतात. टेबल अडवल्याचा निषेध, दुसरं काय! शिवाय रोज सकाळी नऊ नंबर तेवढा उपडा पडलेला असतो. पंख्याचा वारा बरोबर त्याच कोपऱ्यावर येतो वाटतं. आज त्यावर पेपरवेट ठेवलाय.

१९ मार्च, बुधवार

प्रदर्शनाचं पोस्टर छापून आलं. मॅडमनी माझ्या नऊ नंबरमधली मुलगी घेतलीय, फक्त चेहरा, खांदे आणि आरशाची वरची कड. वर मोठ्या अक्षरांत: "युद्धातही हसणारं बालपण". ओळ जरा गोड झालीय, पण पोस्टर झकास. सगळ्या बसस्टॉपवर लागलंय. माझं नाव तळाशी, मुंगीएवढं. पण आहे.

घरी एक आणून फ्रिजवर लावलं. सासूबाईंना म्हटलं, "बघा तरी." त्यांनी फ्रिज उघडला, दूध काढलं, फ्रिज बंद केला.

२० मार्च, गुरुवार

सासूबाई डॉक्टरकडे जायला निघाल्या आणि बसस्टॉपवरून परत आल्या. म्हणे गुडघा दुखतोय. बसस्टॉप आमच्या दारापासून सत्तर पावलांवर! डॉक्टरची वेळ मी तीन आठवडे आधी घेतली होती. फोन करून माफी कुणी मागितली? मीच.

संध्याकाळी फ्रिजवरचं पोस्टर गायब. कचऱ्यात सापडलं, चार घड्या घालून. "दूध सांडलं त्याच्यावर," म्हणाल्या. कागद कोरडा ठणठणीत होता. मी हात टेकलेत. बाकीची अकरा ठिकाणं झाली, हे एक घोडं पेंड खातंय आणि घरात ही तऱ्हा.

२४ मार्च, सोमवार

सापडलं!

सकाळी नऊ नंबर कॉम्प्युटरवर मोठा करत बसले होते. मुलीच्या हातातला आरसा कॅमेऱ्याकडे वळलेला आहे. त्या आरशात समोरची बाजू दिसतेय, हे माझ्या मठ्ठ डोक्यात आत्ता शिरलं. समोरची बाजू म्हणजे घड्याळजी जिथून फोटो काढत होता ती! उजेड-अंधार वरखाली केला तेव्हा हळूहळू एक कमानीची खिडकी दिसायला लागली, तिच्यात काळा डबा डोळ्याशी धरलेला माणूस आणि खिडकीखाली पाटी. अक्षरं उलटी. प्रतिमा फिरवली: "...ड्याळ दुरुस्ती".

कमानीची खिडकी, दोन्ही बाजूंना दगडात कोरलेली द्राक्षं. ती द्राक्षं मी शंभर वेळा बघितलीत. दातांचा दवाखाना. आमच्याच गल्लीत, आमच्या दाराच्या तिरपं समोर.

काखेत कळसा नि गावाला वळसा. मी तळं शोधत फिरले.

२५ मार्च, मंगळवार

सकाळी दंतवैद्याकडे गेले. कमानीची खिडकी नेमकी त्यांच्या खुर्चीमागे. खुर्चीत एक गृहस्थ तोंड उघडं टाकून बसलेले. डॉक्टर म्हणाले, "यांचं बधीर व्हायला दहा मिनिटं आहेत, तेवढ्यात काय ते उरका." गृहस्थांनी हाताने खूण केली, चालू द्या.

कॅमेऱ्यातून खाली बघितलं. त्या दुमजली घराच्या जागी आता औषधांचं दुकान आणि वर तीन मजले. शेजारी आमचं दार. जुना फोटो हातात धरून रेघ न् रेघ जुळवली. शेजारच्या घराच्या पायऱ्या जुळल्या. फोटोतलं कोपऱ्यावरचं दार जुळलं, ते आमचं दार होतं. पहिल्यांदाच इतकं चपखल बसलं.

आणि मग लक्षात आलं. जुन्या फोटोत त्या घराच्या सगळ्या काचा शाबूत आहेत. वरच्या खिडकीत फुलांच्या कुंड्या सरळ उभ्या. कुठे वीट पडलेली नाही, धूळ नाही. बॉम्बहल्ला कसला? सामान कसलं वाचवतायत? आणि एकेकजण वेगवेगळ्या दारांकडे का चाललाय? मुलगी तर आमच्या दाराकडे वळलेली, आणि हे घर सासूबाईंच्या वडिलांचं.

घरी आले. सासूबाई स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या. मी फोटो त्यांच्यासमोर ठेवला.

"सापडली वाटतं जागा," त्या म्हणाल्या.

"आई, ही तुम्ही आहात."

"तुझे डोळे एवढे चांगले, आणि सतरा दिवस लागले तुला." भाजीवरून हात काढला नाही. मग सांगितलं. मी जमेल तसं लिहून ठेवते.

त्या घरात गाण्याच्या बाई आणि त्यांचा नवरा राहायचे. त्यांची भाषा शत्रूच्या मुलखाची. इथे वीस वर्षं राहिले होते, पण भाषा ती. एके दिवशी सकाळी शिपाई आले, एकेक पिशवी घ्या आणि निघा म्हणाले. गल्ली खिडक्यांतून बघत होती. दुपारी जेवणं झाल्यावर कुणीतरी ते दार ढकललं. मग सगळेच गेले.

"मी बाईंकडे गाणं शिकायचे, फुकट. बाबांना परवडलं नसतं. त्या मला त्या आरशासमोर उभं करायच्या. 'आ' लावताना जबडा किती उघडतो बघ म्हणायच्या. म्हणून मी आरसा उचलला. दुसरं काही घ्यायचं सुचलंच नाही." त्यांनी फोटोवर बोट ठेवलं, हसऱ्या चेहऱ्याच्या शेजारी, चेहऱ्यावर नाही. "हसतेय बघ कशी. मला वाटलं, आज सगळ्यांना बक्षिसं वाटतायत."

"मग आरसा कुठे गेला?"

"आपल्या जिन्यात हातातून सुटला. चक्काचूर. बाबांनी थोबाडीत मारली. फोडला म्हणून. आणला म्हणून नाही."

मला पोस्टर आठवलं. सगळ्या बसस्टॉपवर. मी फ्रिजवर लावलं होतं ते. नऊ नंबरवर पेपरवेटही ठेवला होता.

२७ मार्च, गुरुवार

मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "वाईटच झालं हो. पण आता पोस्टर लागलंय. आपण 'घर हलवताना नागरिक' असं लिहू या का? खोटंही नाही."

"खोटं नाही? हलवलंच की त्यांनी घर, दुसऱ्यांचं!"

"अहो, त्या गल्लीत लोक राहतात अजून. वाद नको."

वाद दुपारीच आला. औषधांच्या दुकानाचे मालक, आम्ही त्यांना काका म्हणतो, स्टुडिओत येऊन उभे राहिले. दंतवैद्याकडून कळलं असणार, तोंड बधीर करतात ते लोकांचं, स्वतःचं नाही.

"गादी नेणारे माझे वडील आहेत," काका म्हणाले. "देवमाणूस होते. तो फोटो काढून टाका."

"काका, माझ्या सासूबाईही त्यात आहेत."

"मग तर तुम्ही आधी काढायला हवा!"

मला ते पटलं, हे इथे कबूल करते. रात्री सासूबाईंना म्हटलं, "नऊ नंबर वगळू. अकरा पुरेत. कुणाला काही कळणार नाही."

"मला पंच्याहत्तर वर्षं कळतंय ते?" त्या म्हणाल्या. "गेल्या आठवड्यात मीच तो फाडणार होते. आता तू उलगडलास, तर लाव."

म्हणजे लावला तरी मी चुकले, काढला तरी मी चुकले. या बाईंपुढे कुणाचं काही चाललंय का कधी!

२९ मार्च, शनिवार

सासूबाई स्वतः वाचनालयात गेल्या. पोस्टर असलेल्या त्याच बसस्टॉपवरून. मला सोबत यायची बंदी होती, म्हणून मी पुढच्या बसने गेले. पोचले तोवर मॅडमचे डोळे लाल आणि टेबलावर सासूबाईंच्या अक्षरातला कागद:

"या घरातल्या नवराबायकोला सकाळी घालवून दिलं. दुपारी आमच्या गल्लीने त्यांचं घर रिकामं केलं. आरसा नेणारी मुलगी मी आहे." खाली पूर्ण नाव आणि पत्ता. पत्ता कशाला, विचारलं. "कुणाला भांडायला यायचं असेल तर," म्हणाल्या.

५ एप्रिल, शनिवार

उद्घाटन झालं. भाषणं लांबली. अकरा फोटोंपुढे लोक "अरे, हा आपला पूल!" करत राहिले. नऊ नंबरपुढे आले की आवाज खाली जायचा. मी तो कसा मिसळलाय ते लिहून ठेवते, कारण तिथे कुणी विचारलं नाही: जुनं घर आणि माणसं डावीकडे गडद, उजवीकडे विरत विरत आजची गल्ली. आमच्या दाराशी येईपर्यंत सगळं आजचं होतं. मुलगी बरोबर सांध्यावर आहे. तिला विरवायला माझा हात धजला नाही, म्हणून ती तेवढी पूर्ण ठेवली.

सासूबाई ठेवणीतले कपडे घालून त्याच फोटोशेजारी खुर्ची टाकून बसल्या. कुणी थांबलं की म्हणायच्या, "ही मी." बास. एका बाईने आपल्या मुलाला पुढे ओढून नेलं. एक तरुण म्हणाला, "आजी, तुम्ही तर लहान होतात." त्यावर सासूबाई, "हो. आणि बाई चांगल्या होत्या. पुढे बोल."

काका आले नाहीत. सकाळी मी दुकानात गोळ्या घ्यायला गेले तर त्यांनी सुटे माझ्या हातात न देता काउंटरवर ठेवले.

९ एप्रिल, बुधवार

आज काका आले. फोटोपुढे जाऊन उभे राहिले. मी मनातल्या मनात भांडणाची तयारी केली. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली, सासूबाईंना म्हणाले, "टेप आहे का?" आणि गादी नेणाऱ्या माणसाच्या रेषेत, भिंतीवर, वडिलांचं नाव चिकटवलं.

"मी त्या गादीवर वाढलो," एवढंच म्हणाले आणि गेले. सासूबाईंनी मान हलवली. मला वाटलं आता दोघं बोलतील, रडतील. कसलं काय. सासूबाई मला म्हणतात, "त्यांनी टेप तिरकी लावलीय, सरळ कर."

१५ एप्रिल, मंगळवार

काकांच्या चिठ्ठीनंतर लोक यायला लागले. खुर्ची नेणारा कुणाचा तरी मोठा भाऊ. कपाटाचा खण नेणारी बाई कुणाची तरी आजी, तो खण अजून त्यांच्याकडे आहे, त्यात पतंगाचा दोरा ठेवतात. आजवर सात चिठ्ठ्या झाल्या. मॅडम मुळात घाबरल्या होत्या, आता वर्तमानपत्राला फोन करतायत.

संध्याकाळी सासूबाई भिंतीकडे बघत बसल्या होत्या. म्हटलं, "दमलात?"

"नेणाऱ्यांची सगळी नावं लागली," त्या म्हणाल्या. "बाईंचं कुठे आहे?"

"मग लावा की. काय नाव होतं त्यांचं?"

त्यांनी तोंड उघडलं. तसंच उघडं राहिलं. "आम्ही बाईच म्हणायचो गं," म्हणाल्या.

१८ एप्रिल, शुक्रवार

तीन दिवस हेच. नगरपालिकेत घराच्या नोंदीत घरमालकाचं नाव, भाडेकरूंचं नाही. गल्लीत कुणालाच माहीत नाही. गाण्याच्या बाई, बाजावाल्या बाई, पलीकडच्या बाई. सासूबाईंना बाईंच्या शिकवण्यातली सरावाची चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत येते, हाताची अंगठी आठवते, आवाज आठवतो. नाव नाही. पहाटेपासून क, ख, ग करून अक्षरं आठवतायत, मोठ्याने. घरात कुणाला झोप नाही. नवरा म्हणाला, "असू दे गं आई," तर त्याच्यावर अशा ओरडल्या की तो नाश्ता न करता कामावर गेला.

आज दंतवैद्यांनी सांगितलं, त्यांच्या एक जुन्या पेशंट, वय एक्क्याण्णव, लहानपणी आमच्या गल्लीत गाणं शिकायला यायच्या म्हणे. आता चाळीस किलोमीटरवर वृद्धाश्रमात आहेत. रविवारी प्रदर्शन संपतंय. म्हणजे रविवारीच जायचं.

२० एप्रिल, रविवार

नऊला निघू म्हटलं होतं. सासूबाई सातला गाडीत बसलेल्या, पट्टा लावून.

वृद्धाश्रमातल्या आजींना जवळजवळ ऐकू येत नाही. सासूबाई ओरडतायत, "गाण्याच्या बाई!" आजी म्हणतायत, "मी जेवले." परिचारिका दोनदा येऊन हळू बोला म्हणून गेली. तासभर असाच गेला. मी उठायच्या बेतात होते. तेवढ्यात सासूबाई ओरडायच्या थांबल्या आणि त्यांनी ती सरावाची चाल म्हटली. आवाज फाटका. जबडा मात्र पूर्ण उघडलेला. आजी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग स्वच्छ, ठणठणीत आवाजात त्यांनी नाव सांगितलं. पहिलं, आणि मागून आडनाव.

मी वही काढली. सासूबाईंनी माझा हात दाबला. "लिहू नकोस. लिहिलं की आपण सोडून देतो."

येताना चाळीस किलोमीटर त्या ते नाव पुटपुटत होत्या. रेडिओ नाही, बोलायचं नाही. पेट्रोल भरायला थांबले तर "विसरायला लावशील मला!" म्हणून ओरडल्या. पंपावरच्या माणसाने किती भरू विचारलं, त्यालाही गप्प केलं. मी बोटांनी खुणा केल्या.

वाचनालयात पोचलो तेव्हा खुर्च्या रचून ठेवल्या होत्या, अकरा फोटो भिंतीवरून उतरले होते. सासूबाईंनी मांडीवर कागद घेतला. आणि अडल्या.

"यातली वेलांटी पहिली की दुसरी?"

"आई, मला काय माहीत? तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं. दिसली कुठे?"

मी म्हटलं ऱ्हस्व, त्या म्हणाल्या दीर्घ. मॅडम म्हणाल्या, परक्या नावाला काहीही चालतं. त्यावर सासूबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की मॅडम पडदे गुंडाळायला गेल्या. पंधरा मिनिटं एका वेलांटीवर. शेवटी त्यांनी दीर्घ काढली आणि चिठ्ठी लावली, नेणाऱ्यांच्या रांगेत नाही, त्या घराच्या दाराच्या वर.

"आणि चुकली असेल तर?" मी म्हटलं. पाठ मोडली होती, भूक लागली होती.

"मग कुणीतरी येऊन सांगेल," त्या म्हणाल्या. रचलेल्या खुर्च्यांतली वरची एक ओढून घेतली आणि फोटोशेजारी बसल्या.

मॅडम किल्ल्या घेऊन दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, "आई, प्रदर्शन संपलं. आता कोण येणार?"

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, दाराकडे तोंड केलं आणि म्हणाल्या, "तू बस जरा."

मीही एक खुर्ची काढली.